माटवीला बांधलेली फुलं

मिठबावच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठाराच्या एका खळग्यात, बाबलीला मागच्या पावसाळ्यात ते फूल दिसलं. पांढरं, गळ्यात जांभळी रेघ. कॉलेजातल्या रश्मीबाईंनी फोटो मोठा करून पुन्हापुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "बाबलीदादा, ही जात अजून कुणी नोंदवलेली दिसत नाही. पण फुलावर आलेलं झाड जमिनीत पाहिल्याशिवाय मला तसं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या सुमारास येते."

सड्यावर चिऱ्याची खाण येऊ घातली होती. बाबलीची गुरं त्याच सड्यावर जगत होती. खाण अडवली तर, नवी जात म्हणून नोंद झालेलं ते झाडच अडवणार होतं. म्हणून त्याने जागा कुणालाच सांगितली नाही, बायको सारिकालाही नाही. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तो मिशीत हसून म्हणायचा.

चतुर्थीच्या सकाळी तो गुरं सोडून घरात आला. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी माटवी सजली होती. कवंडळं, तेरडा, हरणाची फुलं, आणि मधोमध तेच पांढरे झुबके.

"सारिका, ही खंयची गो?"

"सड्यावरची! अख्ख्या वाडीत कोणाच्या माटवीक असली नाय," ती फुलून म्हणाली.

"आणि मुळातले कांदे?"

"धुवन म्हशीच्या आंबोणात टाकलंय."

"थंय एखादा तरी ठेवलंस?"

"देवाक देताना हात कित्याक आखडूचो?"

बाबली खांबाला टेकला. "खाण अडवची होती गो त्या झाडान."

सारिकाच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती कडाडली, "माका सांगलास कधी? माका काय सपान पडतला?"

दुसऱ्या दिवशी रश्मीबाई आल्या. माटवीखाली मान वर करून उभ्या राहिल्या. समईच्या धगीने पाकळ्या काळवंडल्या होत्या.

"जमिनीत एक तरी हवं होतं, दादा."

बाबली भर पावसात सड्यावर गेला. गुडघ्यांवर बसून खळग्यामागून खळगा चाचपू लागला. नखांत शेवाळ गेलं, गुडघे सोलले. पलीकडे खाणवाल्यांचे लाल झेंडे भिजत होते. कुठे काही नव्हतं.

मागून सारिका आली. लुगडं खोचून त्याच्याशेजारी पाण्यात बसली.

"वो, फुलांच बघून उपटलंय. पान कसा आसता ता तरी सांगा."

बाबलीने तिचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटाने पान काढलं. "बारीक. मधी खोलगट. टोकाक लालसर."

दोघं पुढच्या खळग्याकडे सरकली.