लुईसचा हात

आमच्या मरोळ गावठाणात माणूस गेलं की मास्टरने दारात उभं राहून पहिलं गीत उचलल्याशिवाय शवपेटी हलत नाही. मास्टर म्हणजे चर्चमधल्या गायकांना शिकवणारा आणि हार्मोनियम वाजवणारा. पगार नावापुरता, पण राहायला चर्चमागच्या दोन खोल्या. माझे यजमान मास्टर होते. ते अठ्ठेचाळीस साली गेले आणि खोल्यांसकट ते काम आमच्या लुईसकडे आलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

लुईसला हवं होतं वेगळंच. समोर पन्नास वादक, वर रंगमंचावर गाणारे, आणि हातातल्या काठीने सगळ्यांना चालवणारा तो. अंधेरीच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचा आणि जुन्या बाजारातून परदेशी ऑपेरांच्या स्वरलिपी शोधून आणायचा. जेवता जेवता उष्ट्या हातानेच ताल धरायचा.

त्याची बहीण व्हायोलेट चिडवायची, "घाम बाकीच्यांनी गाळायचा, तू नुसता हात हलवणार, आणि टाळ्या तुला? झकास नोकरी आहे रे!"

"एक दिवस बघायला ये," तो म्हणायचा. "मी हात वर धरला की पन्नास माणसं श्वास रोखून बसतील."

चौपन्न साली फोर्टातल्या एका हौशी मंडळाने इटालियन ऑपेरा बसवायला घेतला. कंडक्टर एक म्हातारा गोरा साहेब, लुईस त्याचा मदतनीस. सात महिने लुईसने कोरस घोटून घेतला. प्रयोगाच्या शनिवारी सकाळी तार आली: साहेब तापाने पडलेत, आज तूच उभा राहा, पाचपर्यंत पोच. लुईसने ती तीनदा वाचली आणि वडिलांचा काळा कोट उन्हात टाकला.

बाराच्या सुमारास चर्चची घंटा पडू लागली. शेजारची एडना मावशी गेली होती. दफन साडेचारला.

फादर आमच्या ओट्यावर आले. लुईसने तार त्यांच्या हातात दिली. वाईट माणूस नव्हते ते. वाचून म्हणाले, "दुसरं कोणी आहे का?" आणि माझ्याकडे पाहिलं.

लुईसनेही पाहिलं. "आय, तुला सगळं येतं."

येत होतं. दफनाची गीतं लॅटिनमधली, आणि लॅटिन मी कॉलेजात शिकले होते. यजमानांना त्या गीतांचे उच्चार मीच शिकवले होते. पण बाईने दारात उभं राहून गीत उचललेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. शिवाय आदल्याच वर्षी शेजारच्या गावातला मास्टर एका दफनाला पोचला नाही, तर महिन्याभरात त्याचं सामान रस्त्यावर आलं. व्हायोलेटचं लग्न व्हायचं होतं. मला त्या दोन खोल्यांपलीकडे काही दिसेना.

"माझा घसा बसलाय," मी म्हटलं.

बसला नव्हता. लुईसला ते ऐकताक्षणीच कळलं असणार; त्याचा कान तसा आहे. त्याने उन्हातला कोट चढवला आणि एडना मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला. गायक सात, त्यातले दोन बेसूर. त्या दिवशी तेही सुरात गायले. गीत संपलं, पण लुईसचा हात वरच राहिला. शवपेटी उचलायला वाकलेले चौघे त्या हाताकडे बघत खोळंबले.

"लुईस, सोड रे," मावशीचा मुलगा मार्कस हळूच म्हणाला.

तेव्हा त्याने हात खाली घेतला.

तो प्रयोग मंडळातल्या दुसऱ्या कोणीतरी उभं राहून निभावला. लुईसला पुन्हा बोलावणं आलं नाही.

आज त्या गोष्टीला चार वर्षं झाली. व्हायोलेट सासरी मालाडला आहे. गेल्या आठवड्यात मी फादरना सांगून आले, यापुढे दफनाचं गीत मी उचलीन. ते लगेच "बरं" म्हणाले. इतकंच होतं ते.

घरी येऊन लुईसला म्हटलं, "आता तू मोकळा आहेस. जा."

तो गायकांच्या वह्यांवरची धूळ झटकत होता. "कुठे?" त्याने विचारलं.

मी एक वही हातात घेतली. मग तोच म्हणाला, "म्हणून दाखव बरं. तिसऱ्या ओळीत तू नेहमी घाई करतेस." त्याने हात वर धरला, आणि मी श्वास रोखून उभी राहिले.