बिनकडीचं रीळ

घरात मशीनच्या तेलाचा वास आला आणि मी मनानं भंडारदरा धरणाच्या काठावर पोचले.

नवीन लग्न होतं. ह्यांच्या मासेमारीच्या कोऱ्या रिळाची तारेची कडी हँडल फिरवताच स्प्रिंगनं आपोआप मिटायची आणि दोरा गुंडाळला जायचा. वडिलांनी भिंगारच्या बाजारातून घेतलेलं माझं जुनं रीळ बिनकडीचं. त्यात दोरा बोटानं उचलून अडकवावा लागे.

"असलं अर्धवट रीळ?" हे हसले.

"कडी नाही, म्हणून स्प्रिंग नाही. मोडेल काय?"

दुपारी ह्यांच्या कडीची स्प्रिंग तुटली. संध्याकाळी मी मासा ओढला, तेव्हा हे जाळी धरून उभे होते.

आज माझ्याच रिळाला तेल घालत हे नातीला सांगत होते, "कडी नाही, म्हणून स्प्रिंग नाही. मोडेल काय?"

"वाक्य माझं आहे!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.