वर जाईपर्यंत सांडलं

माझी मावशी कपडे दुरुस्त करून देते. कोणाची पँट आखूड, कोणाचा कोट सैल. दुकान खाली, घर वर, मध्ये अरुंद जिना.

तिची मुलगी जन्मली तेव्हा रडलीच नाही. बाळंतपण अडलं होतं, मेंदूला प्राणवायू कमी पडला. थोड्या वेळाने झटके आले. इजा वाढू नये म्हणून तिला गार गादीवर ठेवलं. मावशीला उचलून घेता येईना. नुसता पाय धरू दिला, तोही थंडगार. शेवटी पोरीचा आवाज फुटला तो मांजराच्या पिल्लासारखा. काका म्हणाले, "ही तर मनी!" तेच नाव पडलं.

मनी जरा उशिरा चालली, पण मग जिना धडाधड उतरू लागली. मावशीने तपासण्या बंद केल्या. "पोर उड्या मारतेय, आता डॉक्टर काय बघणार, डोंबल?"

तिसरीत गाडी अडली. पाढे रात्री पाठ, सकाळी सफाचट. बाई म्हणाल्या, लक्ष नसतं. काका म्हणाले, लाड झालेत. मावशीने रागावून पाहिलं, खेळ बंद करून पाहिला.

एकदा तिने मनीला वरून काळा दोरा, कात्री आणि चष्मा आणायला सांगितलं. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही. मनी जिन्यात बसून रडत होती.

"ऐकलं होतं गं आई. वर जाईपर्यंत सांडलं."

दुसऱ्याच दिवशी मावशीने दुकान बंद ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मनीकडून कोडी सोडवून घेतली, गोष्टी सांगून परत विचारल्या.

"आळस नाही हा," त्या म्हणाल्या. "जन्मावेळची इजा कधीकधी शाळेतच दिसते. चालणं सुधारतं, लक्षात ठेवणं मागे राहतं."

"मी तपासण्या सोडल्या म्हणून?"

"इजा आधीचीच. मदत मात्र लवकर मिळाली असती."

मावशीने शाळेसाठी तसं लिहून मागितलं.

शाळेने परीक्षेला जास्त वेळ दिला. घरी एका वेळी एकच काम सांगायचं ठरलं. मावशीला ती सवय इतकी लागली की काकांनाही एकेकच काम मिळू लागलं. त्यांची तक्रार नव्हती.

मनी आता पंधरा वर्षांची आहे. भाषेत बरी, गणितात नापास. इस्त्री छान करते, भांडते त्याहून छान. यंदा शिकवणी लावली आहे. तिला ती मुळीच आवडत नाही.