वळणावर थांबणारी गाडी

मौला मिस्त्रीकडे भुतं लागलेल्या गाड्या यायच्या. हसू नका, खरंच यायच्या. कोयनानगरच्या रस्त्याला पत्र्याच्या टपरीत त्याचं गॅरेज. मूळचा गडी सांगलीजवळच्या माधवनगरचा. बापाची गिरणी बंद पडली तसा पोटामागं इकडं आला आणि इथल्याच पावसात त्याचे केस पिकले. घाटात कुणाची गाडी बंद पडली की लोक आधी लिंबू उतरायचे, मग नारळ फोडायचे, आणि तेवढ्यानंही भागलं नाही म्हणजे गाडी मौलाकडे ढकलत आणायचे. मौला कार्बोरेटर उघडायचा, चिमूटभर कचरा काढून तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्ये बघा तुमचं भूत. हातात घ्या, चावत न्हाई."

असा माणूस. पण कृष्णातच्या गाडीनं त्याची झोप उडवली.

कृष्णात पलटणीतून निवृत्त होऊन गावी आलेला. ही जुनी मोटारसायकल म्हणजे त्याचा जीव की प्राण. एक दिवस घाटातल्या वळणावर छातीत कळ आली, म्हणून त्यानं गाडी लावली, कठड्यावर टेकला आणि तिथंच गेला. आता त्याच गाडीवर त्याचा मुलगा उदयसिंह कोयनानगरला कामाला जायचा. आणि हल्ली गाडी नेमकी त्याच वळणावर बंद पडू लागली होती.

"टाकीत पेट्रोल असतंय, मिस्त्री," उदयसिंह सांगत होता, "पन फडफडती आन गप हुती. टोपण काढून बघाया गेलं की आतनं कुनीतरी लांब श्वास घेतल्यागत आवाज येतोय. मग टोपण लावून किक मारली की लगीच चालू. परवा धुक्यात ट्रक घासून गेला, वीतभर ऱ्हायला. आई म्हनती, आबांना भेटल्याबिगर गाडी फुडं जायाची न्हाई."

मौलानं टाकीचं टोपण काढून बाजूला ठेवलं आणि कामाला लागला. पेट्रोलचा कॉक खोलला, पाईप फुंकला, कार्बोरेटरच्या जेटची भोकं उजेडात धरून बघितली. सगळं लख्ख. पेट्रोलही स्वच्छ. तळहातावर ठेवायला काही म्हणजे काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच वळणावर थांबली. शेजारच्या हॉटेलात चहा प्यायला येणारे आता हळूच म्हणू लागले की कृष्णातला पोराला घेऊन जायचंय.

मग मौला स्वतःच उदयसिंहच्या मागं बसून निघाला. श्रावणातली सकाळ, दरीतून धुकं वर येत होतं. वळण आलं आणि इंजिन दोनदा अडखळून थांबलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. मौलानं टोपण फिरवलं, आणि टाकीनं त्याच्या बोटांवरून हवा आत ओढली, लांब, एखाद्या म्हाताऱ्याच्या उसाशासारखी. मौलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली त्याला, उगाच खोटं कशाला सांगा.

पण हाताला डोक्यापेक्षा जास्त कळतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून टाकीत हवा शिरली पाहिजे. त्यासाठी टोपणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की गाडी थोडी चालते, मग तहानेनं मरते. घरापासून निघायचं आणि चढावर तेवढंच पेट्रोल जाळायचं, म्हणून रोज हेच वळण. आणि टोपण तर त्यानं गॅरेजात नुसतं बाजूला ठेवलं होतं, बघितलंच नव्हतं. त्यानं ते उलटंपालटं केलं. भोकावर कुंकू होतं. नखानं खरवडलं तर कुंकवाखाली मेण निघालं, मऊ आणि ताजं.

त्यानं उदयसिंहला माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसवून कामावर धाडलं आणि गाडी घेऊन उतार धरला. डोक्यात एकच घोळत होतं. कपाळावर आधी मेण आणि मग कुंकू, ही जुन्या बायकांची रीत. उदयसिंहची बायको शिवांजली टिकली चिकटवते. घरात जुनी बाई एकच, त्याची आई बनुबाई. आणि तिचं कपाळ तर कृष्णात गेला त्या दिवसापासून मोकळं होतं. मग हे लावलं कुणी? भर सकाळी, गाडीवर एकटं असताना, मौलानं दोनदा मागं वळून बघितलं.

बनुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मौलानं मेणाची लालसर गोळी तळहातावर ठेवून पुढं धरली. "ह्ये बघा, आक्का," एवढंच म्हणाला. पुढचं नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही.

तिनं आधी शिवांजली जवळपास नाही ना ते बघितलं. "पहाटं उठून मीच लावती," ती म्हणाली. "कपाळ मोकळं ठेव म्हनली समदी, ठेवलं. पन हाताची सवय जाईना रं. म्हनलं, माझ्या कपाळाला न्हाई तर त्येंच्या गाडीला. आन पोरगं सांगायचं, गाडी थांबली, तवा वाटायचं त्येंनी माजं कुंकू वळखलं."

"आक्का, त्या मेनानं टाकीची हवा कोंडती. वळनावर धुक्यात रस्ता दिसत न्हाई. एक दिवस पोरगं ट्रकाखाली जाईल."

बनुबाईचे हात शेंगांवरच राहिले. मग ती उठली, गाडीजवळ गेली आणि पदरानं टोपण पुसलं, पुन्हा पुसलं, जसं कुणीतरी तिचं कपाळ पुसलं होतं. "म्हंजी आता त्ये थांबायचं न्हाईत," ती म्हणाली.

"सीटखाली लावा, आक्का," मौला म्हणाला. "तितं हवाबिवा काय न्हाई, कुनाला दिसायचं न्हाई. आन उद्या मी गाडी वर नेऊन बघतो. थांबली का ते सांगतो."

रात्री त्यानं ठरवून टाकलं. वळणाच्या पुढं रस्ता रुंद होतो, तिथं आपणच गाडी थांबवायची आणि खाली येऊन सांगायचं, थांबली म्हणून. तेवढंच म्हातारीचं समाधान.

सकाळी तारेनं भोक साफ करून तो निघाला. इंजिन एका लयीत चाललं होतं. वळणाआधी धुकं दाट झालं, आणि मौलाच्या ध्यानात आलं ते एवढंच की गाडी उभी आहे आणि शेजारी तो कठडा आहे. इंजिन चालू होतं. त्यानं ते बंद केलं आणि टोपण उघडलं. टाकी गप्प होती, भोक मोकळं होतं. उसासा आला तो मागून, कठड्याकडून.

दरीतला वारा असेल. मौला मागं वळला नाही.

तो परतला तेव्हा बनुबाई दारात उभी होती. "थांबली?" तिनं विचारलं.

"थांबली, आक्का."

ब्रेक आपणच दाबला, एवढं त्याला आठवत होतं. पण रुंद जागा पुढं होती. इथंच का दाबला, ते तळहातावर ठेवून कुणाला दाखवता येईल असं त्याला आजवर सापडलेलं नाही.