खुनी यायच्या आधीचा सीन

निपाणीच्या आमच्या टॉकीजचा डोअरकीपर बॅटरीने खुर्ची दाखवता दाखवताच सिनेमाची सालटी काढायचा. त्या रविवारी मॅटिनीला मुखवटेवाल्या खुन्याचा एक स्वस्तातला सिनेमा लागला होता. आत आम्ही सात-आठजण आणि खुर्च्यांना मुरलेला वखारीतल्या तंबाखूचा वास.

"रक्त बघा मास्तर, निव्वळ कुंकवाचं पाणी," तो मला म्हणाला. "मेलेली बाई श्वास घेती. मुखवट्याची नाडी मागं लोंबतीया."

"मग चांगलं काहीच न्हाय व्हय?"

"हाय की. एक सीन लई बेस हाय. त्यो लागला की येतो."

मध्यंतरानंतर तो खरंच येऊन माझ्याशेजारी बसला. पडद्यावर घरात एकटीच राहणाऱ्या बाईने जेवायला दोन ताटं काढली, जरा थांबली आणि एक परत फळीवर ठेवलं.

"एवढं खरं हाय," तो हळूच म्हणाला. "वरीस झालं, माझाबी हात दोन ताटांवरच जातोय."

तेवढ्यात पडद्यावरचं दार वाजलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "आला वाटतं खुनी!"

तो बॅटरी घेऊन उठला.

"येऊ दे की मास्तर. तिचं दार कोण तरी वाजवतंय."