उजवा पाय पुढे

दादाचा फोन आला तेव्हा मी ओकव्हिलच्या घरासमोरचा बर्फ उपसून नुकतीच आत आले होते. "तुझी वहिनी गेली गं," एवढंच म्हणाला. मला रडू यायच्या आधी राग आला. आदल्याच आठवड्यात दादाच्या गावी, लव्हालच्या हॉस्पिटलमध्ये ती मला बजावत होती की, माझ्यामागे उगाच मला देवी करून ठेवू नका, मी भांडकुदळ होते हेही सांगा... तर सांगते. मंजिरीवहिनी भांडकुदळ होती. आणि तिचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका पायावरून.

दोन हजार साल उलटल्यावर लग्न होऊन ती नागपूरहून लव्हालला आली. तोवर बर्फ तिनं फक्त फ्रीजरमध्ये पाहिलेला. सॉफ्टवेअरची नोकरी धरली आणि ऑफिसातल्या लोकांबरोबर एकदा गंमत म्हणून स्नोबोर्डिंगला, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरायला, गेली. तिथल्या मास्तरांनी विचारलं, बोर्डवर कोणता पाय पुढे ठेवणार? नव्या कामाला उजवा पाय पुढे टाकायचा, ही आपल्याकडे विचारायची गोष्टच नाही. आमच्या घरात माप ओलांडून आली तोच पाय तिनं पुढे केला. त्या खेळात बहुतेक जण डावा पुढे ठेवतात आणि उजवा ठेवणाऱ्याला 'गूफी' म्हणतात, हे कळल्यावर आई भयंकर चिडली. गूफी म्हणजे बावळट ना, मग उजवा पाय टाकणारी बावळट कशी, म्हणून तिनं दादालाच फैलावर घेतलं.

खरी पंचाईत पुढेच होती. वहिनीला त्या खेळानं झपाटलं. प्रत्येक विंटरला शनिवार-रविवार डोंगरावर. हौशी शर्यती जिंकता जिंकता, तिशी उलटल्यावर, तिला पहिल्या व्यावसायिक शर्यतीत जागा मिळाली. चौघीजणी एकदम उतारावर सुटतात आणि पहिल्या दोघी पुढच्या फेरीत जातात, अशी ती शर्यत. त्याच सुमाराला नवा कोच आला. ती बेसावध असताना त्यानं तिला मागून हलकेच ढकललं, तर डावा पाय पुढे पडला. तुझा मूळचा पाय डावा आहे, इतकी वर्षं तू उलटी उतरते आहेस, असं त्यानं सांगितलं. पाय बदल, ही शर्यत सोड, नाहीतर पहिल्याच फेरीत घरी जाशील.

आईला आयतंच निमित्त मिळालं. हातपाय मोडून घ्यायचं हे वय नाही, हे तिचं पालुपद होतंच. वहिनी दोघांनाही बधली नाही. मला फोनवर म्हणाली, "वन्सं, अख्खा डोंगर मी या पायावर शिकले. पडले ती याच पायावर. आता तो एकदम राँग कसा?"

शर्यतीला आम्ही सगळे गेलो. आईसुद्धा, दोन जॅकेटं आणि वर शाल. वहिनी सुटली तीच शेवटची. कोचनं मान फिरवली. मधल्या वळणावर तिनं एकीला मागे टाकलं, मग शेवटच्या उडीवर दुसऱ्या नंबरच्या मुलीला गाठलं... आणि वीतभर अंतरानं तिसरी आली. संपलं. डावा पाय असता तर दुसरी आली असतीस, असं कोच म्हणाला, आणि ते खोटं नसावं. हेल्मेट काढता काढता तिनं त्याला इंग्रजीत जे सुनावलं, ते दादानं आईला मराठीत सांगितलं: "दुसरी आली असती, ती मी नसते." आई शालीच्या टोकानं सुनेच्या गॉगलवरचा बर्फ पुसत राहिली.

पुढे वहिनी खूप शर्यतींत उतरली, काही जिंकली, काहींत सपाटून आपटली. पाय बदलला नाही. मग आजार आला. थंडीत एवढं खेळल्यामुळेच झालं, असं म्हणणारेही भेटले. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

दादाच्या बेसमेंटमध्ये आम्ही सगळे जमलो, तेव्हा भिंतीवरचा तिचा ओरखडलेला बोर्ड उतरवून तिथे फोटो लावा, असं कुणीतरी सुचवलं. दादा म्हणाला, राहू दे. आणखी कुणी हळहळलं, अखेर हरलीच बिचारी. खुर्चीत बसलेल्या आईनं मान वर केली.

"हरली नाही. स्वतःच्या पायानं तिसरी आली."

बोर्ड तिथेच आहे. वॉशरूमकडे जाताना खांद्याला लागतो, अडचण होते, अशी पाहुण्यांची तक्रार असते. होऊ दे अडचण.