कौलांतून येणारी वाट

ओस्तिया बंदरात, दोरवाल्यांच्या गल्लीत, तर्तुलेचे गोधड्यांचे दुकान होते. खलाशी तिच्या गोधड्या पांघरण्यासाठी नेत. आग विझवणारे शिपाई त्याच गोधड्या पाण्यात भिजवून ज्वाळांवर टाकीत. दुकानाला फळ्या नऊ. उंबऱ्याच्या खाचेतून त्या क्रमाने सरकवाव्या लागत, म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला असे. हे आकडे तिच्या नवऱ्याने, कास्तुसने, स्वतः कोरले होते आणि सहाच्या जागी तो पुन्हा चारच कोरून बसला होता. तेव्हापासून त्या दुकानाला चौथ्या फळ्या दोन. गल्ली हसे, तर्तुला मात्र सुताराला त्या फळीला हात लावू देत नसे.

कास्तुस धान्याच्या जहाजावर खलाशी होता. नऊ वर्षांपूर्वीच्या वसंतात तो आलेक्झांड्रियाला निघाला. जहाज परतले नाही. क्रीट बेटापाशी कोणाला मोडकी डोलकाठी तरंगताना दिसली, एवढीच बातमी. तो गेला असे सांगणारे पुष्कळ होते. त्याला जाताना पाहिलेला एकही नव्हता.

फेब्रुवारीत पितरांचे नऊ दिवस लागले आणि खलाशांच्या मंडळाचा वडीलधारा व्हितालिस दुकानात येऊन बसला.

"तर्तुले, दफनभूमीत मंडळाची एकच जागा उरलीय. या नऊ दिवसांत कास्तुसच्या नावाने माती टाक. नाहीतर ती दुसऱ्याला द्यावी लागेल मला."

"द्या की दादा. माझा माणूस यायचाय अजून."

"आला तर आनंदच आहे. उत्तरकार्य झालेला माणूस परतला तर काय करायचं, ते वाडवडलांनी सांगून ठेवलंय. दारातून घ्यायचं नाही, छपरातून आत उतरवायचं."

"छपरातून?" तर्तुलेने सुई थांबवली. "माझ्या डोक्यावर चार मजले भाडेकरू आहेत. माझं छप्पर कुठलं?"

शेजारची दोरवाली नेव्हिया भिंतीपलीकडून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "आधी तांबटाच्या पलंगावर पडेल, मग शिंपिणीच्या शेगडीवर. तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा मरेल गं मेला!"

तर्तुला हसली. व्हितालिस हसला नाही.

"आणि तो खरंच गेला असेल तर?" त्याने सावकाश विचारले. "मूठभर मीठ-धान्य नाही, कोणी नाव घेऊन हाक मारलेली नाही. नऊ वर्षं तो तिकडे मृतांच्या नदीकाठी, पलीकडे जायला न मिळता ताटकळत असेल, पोरी. का, तर तू दार उघडं ठेवलंयस म्हणून."

तो निघून गेला. तर्तुलेची सुई त्या दिवशी पुन्हा चालली नाही. आजवर तिला वाटत आले होते की, वाट पाहण्याचे कष्ट आपले एकटीचे आहेत. त्यालाही आपल्यामुळे तिष्ठावे लागत असेल, हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. माती टाकावी, तर जिवंत माणसाला दार बंद. न टाकावी, तर मेलेल्याला विसावा नाही.

सहाव्या दिवशी ती इमारतीच्या कारभाऱ्याकडे गेली. सर्वांत वरची, थेट कौलांखालची खोली कित्येक महिने रिकामी होती. उन्हाळ्यात तापणारी, पावसाळ्यात गळणारी ती खोली कोणी फुकटही घेतली नसती.

"त्या कोपऱ्यातलं कौल सैल आहे," कारभारी ओशाळून म्हणाला. "उद्याच पक्कं करून देतो."

"नको. तसंच राहू द्या."

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही.

"वेडी की काय तू?" नेव्हिया कडाडली. "रस्त्यावरचं दुकान सोडून चार जिने चढणार? पाण्याची घागर घेऊन? या गुडघ्यांनी?"

"गोधड्या वर बसून शिवीन. दुकान तू घे, तुझे दोर नाहीतरी रस्त्यात लोळतायत. माझा माल तेवढा दाराशी टांगत जा."

नवव्या दिवशी दफनभूमीत रिकाम्या खड्ड्यावर माती पडली. तर्तुलेने मीठ घातलेले धान्य, वाइनमध्ये भिजवलेला पाव आणि जांभळी फुले वाहिली. मग रीतीप्रमाणे तीनदा नाव घेतले. पहिल्या दोन हाका मृताला माराव्यात तशा, जड आवाजात निघाल्या. तिसरी मात्र, जेवण निवत असताना गल्लीच्या टोकाशी रेंगाळणाऱ्या माणसाला मारावी तशी निघाली. व्हितालिसने मान खाली घातली.

परतल्यावर तिने नेव्हियाच्या हाती दुकान सोपवले. फळ्या एकेक करून दाखवल्या.

"ही चौथी आणि ही पण चौथी. नीट करायची नाही."

"नाही करत गं बाई."

"आणि कोणी येऊन या दोन चौथ्या फळ्यांकडे बघून लाजला, तर…"

"तर वरचा जिना दाखवते, समजलं."

"जिना नाही, नेव्हिया," तर्तुला घाईने म्हणाली. "जिन्यावरून तो दाराशी येईल. त्याला शिडी दे."